सकाळचे दुखणे डॉक्टरांपर्यंत नेताना

डॉक्टरांची वेळ मिळते ती बहुधा संध्याकाळची, आणि सांध्यांच्या अनेक आजारांचा जोर असतो तो सकाळी. माझी मुलगी १३ वर्षांची असताना आम्हाला हे उशिरा उमगले. सकाळी ती भिंतीला हात टेकून, एकेका पायरीवर दोन्ही पावले ठेवत जिना उतरायची आणि टूथपेस्टची नळी दाबायला तिला दोन्ही तळवे लागायचे. पण संध्याकाळी तपासणीच्या खोलीत ती सरळ चालत जायची, गुडघा दाबला तर फारसे दुखत नाही म्हणायची, आणि रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल असल्यामुळे ‘वाढीचे वय आहे, होईल कमी’ एवढे ऐकून आम्ही परतायचो. चौथ्या भेटीत मी सकाळी ७ वाजता जिन्यावर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दाखवला, तेव्हा कुठे डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून तिचे घोटे आणि मनगटे एकेक करून हातात घेतली. निदान करणे हे डॉक्टरांचेच काम आहे. घरातली सकाळ त्यांच्यापुढे मांडणे मात्र पालकांशिवाय दुसरे कोणी करू शकत नाही.

आधी घाई कशाची आहे ते पाहावे

बरीचशी सांधेदुखी काही आठवडे नोंदी ठेवून, शांतपणे तपासता येते. काही लक्षणे मात्र थांबू देत नाहीत. एकच सांधा अचानक सुजून गरम झाला आहे, अंगात ताप आहे आणि मूल तो सांधा हलवू देत नाही किंवा पाय टेकवत नाही, असे असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. रात्री झोपेतून उठवणारे, दिसणाऱ्या सुजेच्या मानाने फारच तीव्र असणारे हाडांचे दुखणे, आणि त्याबरोबर फिकटपणा, घटणारे वजन, कारण नसताना उमटणारे काळे-निळे डाग किंवा वाढलेल्या गाठी असतील, तर रक्ताच्या कर्करोगाची शक्यता आधी दूर करावी लागते. म्हणूनच निदान न करता ‘सूज उतरेल’ म्हणून कोणी स्टेरॉईड सुरू करत असेल, तर पालकांनी थांबवून कारण विचारावे. स्टेरॉईडमुळे हा कर्करोग काही काळ झाकला जातो आणि ओळखणे अवघड होते.

तिसरी गोष्ट किशोरवयातच विशेष आढळते, आणि ती चुकते ती गुडघ्यामुळे. मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक वाढीच्या थरावरून हळूहळू घसरते. आजार खुब्यात असतो, पण मूल दुखते म्हणून हात लावते गुडघ्याला. गुडघ्याचा एक्स-रे अर्थातच स्वच्छ येतो. मूल लंगडत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला वळवून टाकत असेल, विशेषतः वजन जास्त असेल, तर खुबा तपासला का आणि दोन्ही खुब्यांचा एक्स-रे हवा का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. तोपर्यंत त्या पायावर भार देऊ नये. हा विलंब महागात पडतो.

वही कशी ठेवावी

दोन ते तीन आठवड्यांची वही पुरेशी असते. रोज ‘दुखले’ एवढेच लिहिण्याचा उपयोग नाही. सकाळी उठल्यावर सांधे मोकळे व्हायला किती मिनिटे लागली, नेमका कोणता सांधा, उजवा की डावा, हालचाल केल्यावर बरे वाटले की वाढले, दिवसभरात कोणते काम जमले नाही आणि कोणती गोळी किती वाजता घेतली, हे लिहावे. एका साध्या माणसाच्या आकृतीवर दुखणाऱ्या जागी खूण करायला मुलालाच सांगावे. बोलून दाखवताना ‘सगळे पाय दुखतात’ म्हणणारे मूल खुणा करताना टाचेच्या मागच्या बाजूला नेमके बोट ठेवते, आणि ती खूण डॉक्टरांसाठी मोलाची असते, कारण स्नायुबंध हाडाला जिथे चिकटतात तिथली सूज हा संधिवाताच्या एका प्रकाराचा महत्त्वाचा धागा आहे.

सुजेचा फोटो काढताना दोन्ही गुडघे किंवा दोन्ही घोटे एकाच चौकटीत घ्यावेत, म्हणजे फरक उघड दिसतो. ताप येत असेल तर थर्मामीटरने मोजून वेळेसह लिहावा. बालसंधिवाताच्या एका प्रकारात ताप दिवसातून एकदा झपाट्याने चढतो व उतरतो, आणि त्याच वेळी अंगावर फिकट गुलाबी पुरळ उमटून काही तासांत नाहीसे होते. दवाखान्यात पोचेपर्यंत ते दिसत नाही, म्हणून फोटो हाच पुरावा.

मागचा इतिहासही याच वहीत यावा. दुखणे सुरू होण्याआधी २ ते ४ आठवडे घसा दुखला होता का आणि सूज एका सांध्यातून दुसऱ्यात फिरते का, हे सांगितल्यास संधिवाताच्या तापाचा (रुमॅटिक फीवरचा) विचार होतो, ज्यात हृदयाची तपासणी आवश्यक असते. एखाद्या विषाणूचा ताप, वारंवार जुलाब किंवा पोटदुखी, तोंडात येणारे फोड, उन्हात गेल्यावर चेहऱ्यावर उमटणारे चट्टे, घरात कोणाला सोरायसिस, आतड्यांचा दाह, पाठीच्या कण्याचा संधिवात किंवा ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते असा आजार) असणे, क्षयरोगाच्या रुग्णाचा सहवास, हे सारे लिहावे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे, कारण त्या औषधाने सांधे दुखू शकतात आणि त्वचेच्या गोळीचा सांध्याशी संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

दुखण्याची चाल

दाहामुळे होणारी सांधेदुखी विश्रांतीनंतर वाढते. रात्रीच्या झोपेनंतर, वर्गात तासभर बसल्यानंतर सांधे आखडतात आणि हालचालीने हळूहळू सैल होतात. ताण, दुखापत किंवा सांध्यांच्या ढिलेपणामुळे होणारी दुखणी उलट चालीची असतात: सकाळी मूल ताजे असते आणि खेळ, चालणे, लिहिणे यांनंतर संध्याकाळी दुखते. हा नियम शंभर टक्के लागू पडत नाही, पण पुढच्या तपासण्यांची दिशा बरीचशी यावरून ठरते.

‘वाढीचे दुखणे’ हे शब्द मी फार वेळा ऐकले आहेत, म्हणून ते कशाला म्हणतात हे सांगतो. ते साधारण ३ ते १२ वर्षांच्या मुलांत दिसते, दोन्ही पायांत असते, संध्याकाळी किंवा रात्री येते, सांध्यात नव्हे तर पोटऱ्या-मांड्यांच्या स्नायूंत जाणवते आणि सकाळी पूर्ण गेलेले असते. मूल लंगडत असेल, सांधा सुजला असेल किंवा सकाळी आखडत असेल, तर ते वाढीचे दुखणे नव्हे. १५ वर्षांच्या मुलाच्या मनगटाला हे नाव देऊन प्रश्न मिटवला जात असेल, तर आदराने पण ठामपणे दुसरे मत घ्यावे.

ढिल्या सांध्यांची कल्पना घरीही येते. हाताचा अंगठा मागे वाकवून त्याच हाताच्या पुढल्या भागाला टेकतो का, करंगळी काटकोनापलीकडे मागे जाते का, कोपर व गुडघे सरळ रेषेच्या पुढे वाकतात का, आणि गुडघे न वाकवता दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकतात का, हे डॉक्टर ९ गुणांच्या बेटन मोजपट्टीवर पाहतात. अनेक लवचीक मुलांना काहीही त्रास नसतो, त्यामुळे लवचीकपणा म्हणजे आजार नव्हे. पण त्याबरोबर सांधे निखळणे, वारंवार मुरगळणे आणि कायमचा थकवा असेल तर ती नोंद पुढे ठेवावी.

रिपोर्ट वाचताना

इथे सर्वाधिक गैरसमज होतात. ईएसआर आणि सीआरपी हे दाह मोजणारे आकडे नॉर्मल असतानाही मुलाला संधिवात असू शकतो. आरए फॅक्टर, म्हणजे संधिवातासाठी रक्तात शोधला जाणारा एक घटक, संधिवात झालेल्या बहुतेक मुलांत निगेटिव्हच येतो, त्यामुळे ‘आरए निगेटिव्ह, म्हणजे संधिवात नाही’ हे वाक्य मुलांच्या बाबतीत खरे नाही. उलट बाजूने, एएनए आणि एचएलए-बी२७ या संधिवाताच्या शोधात केल्या जाणाऱ्या रक्ततपासण्या निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येतात, आणि एएसओ या रक्ततपासणीचा वाढलेला आकडा घशाला पूर्वी विशिष्ट जंतूंचा संसर्ग झाला होता एवढेच सांगतो. ड जीवनसत्त्व कमी निघाले तर ते जरूर भरून काढावे, पण तेवढ्यावर शोध थांबवू नये. लघवीची साधी तपासणी अनेकदा राहून जाते. ल्युपससारख्या आजारात मूत्रपिंडावरचा परिणाम तिथे दिसतो.

१६ वर्षे पूर्ण होण्याआधी सुरू झालेला, किमान ६ आठवडे टिकलेला आणि दुसरे कारण न सापडलेला सांध्याचा दाह म्हणजे बालसंधिवात, ही त्याची व्याख्या आहे. तिच्यात रक्ताचा एकही आकडा नाही. निदान होते ते हाताने सांधा तपासून, आणि शंका असेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआयने. सुरुवातीच्या काळात एक्स-रे स्वच्छ असू शकतो. निदान झाले, तर डोळ्यांची स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली) तपासणी ठरलेल्या अंतराने करावीच लागते, कारण या आजारात डोळ्याच्या आत होणारा दाह लालपणा किंवा दुखणे न दाखवता दृष्टी नेऊ शकतो.

तपासणीच्या खोलीत

सुरुवात बालरोगतज्ज्ञांपासून करावी आणि ६ आठवडे उलटूनही सूज वा सकाळचे आखडणे टिकले असेल, तर बालसंधिवाततज्ज्ञांकडे चिठ्ठी मागावी. शक्य असेल तर सकाळची वेळ घ्यावी. कपडे सैल घालावेत, म्हणजे गुडघे, घोटे, कोपरे उघडी करून पाहता येतात. दुखत नसलेले सांधेही तपासायला हवेत: जबडा पुष्कळदा मुकाट्याने आजारी असतो, आणि मुलाला स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालता येतात का, एवढ्या कृतीतून त्याची चाहूल लागते. सर्व सांध्यांची अशी चाळणी दोनेक मिनिटांत होते, त्यामुळे ती करण्याची विनंती करताना संकोच बाळगू नये. शेवटची वेदनाशामक गोळी कधी घेतली हे सांगावे. ती आपल्या मनाने बंद करू नये आणि वाढवूही नये.

निघण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. आपल्याला कोणत्या सांध्यात प्रत्यक्ष सूज जाणवली? याखेरीज आणखी काय असू शकते? किती दिवसांत फरक पडला नाही तर पुन्हा यावे? उत्तरे तिथेच लिहून घ्यावीत.

बोलायला आधी मुलाला द्यावे. मी सुरुवातीला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर स्वतःच देत होतो आणि माझी मुलगी खाली बघत बसायची. डॉक्टरांनी मला दहा मिनिटे बाहेर बसवले, तेव्हा तिने सांगितले की खेळाचा तास ती मुद्दाम चुकवते, कारण धावता येत नाही हे मैत्रिणींना कळू नये. ही गोष्ट माझ्या वहीत कुठेही नव्हती.

काहीच सापडले नाही तर

सगळ्या तपासण्या झाल्या, सूज नाही, आकडे ठीक आहेत आणि दुखणे मात्र आहे, अशीही अवस्था येते. तेव्हा मुलाला ‘तुला काही झालेले नाही’ असे कधीही म्हणू नये. मज्जासंस्थाच वेदनेचा आवाज वाढवून ठेवते अशी दुखणी किशोरवयात खरोखर होतात. कधी अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, हाताचा किंवा पायाचा रंग व उष्णता बदलते. यावर फिजिओथेरपी, झोपेची घडी, हळूहळू वाढवलेली हालचाल आणि वेदनेशी वागण्याचे मानसशास्त्रीय प्रशिक्षण हे खरे उपचार आहेत, आणि दीर्घ विश्रांतीने असे दुखणे सहसा वाढते. म्हणून शाळा शक्यतो सोडू नये. डॉक्टरांकडून शाळेसाठी चिठ्ठी घ्यावी: तासाच्या मध्ये उठून दोन पावले चालण्याची मुभा, पुस्तकांचा दुसरा संच वर्गात ठेवण्याची सोय, परीक्षेत लिहायला जादा वेळ.

वही मात्र चालू ठेवावी. सांध्यातली सूज काही वेळा पहिल्या भेटीत नसते आणि दोन महिन्यांनी हाताला लागते. ती जाणवली की त्याच आठवड्यात, पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता, दवाखान्यात फोन करावा.