अस्सल छापचित्र की हुबेहूब प्रत: निवड कशी करावी

रवि वर्मा प्रेसचे लक्ष्मीचे जुने छापचित्र विकत घ्यायला निघालेल्या माणसापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो: आजची डिजिटल प्रत काचेआड लावली तर चार हातांवरून कोणालाच फरक कळत नाही, मग जुन्या कागदासाठी कित्येक पट रक्कम मोजण्यात शहाणपण आहे, की ती नुसती हौस आहे?

प्रथम आपल्याला नेमके काय हवे आहे ते एका वाक्यात लिहून काढावे. देवघरात प्रसन्न लक्ष्मी हवी असेल, तर नवी प्रत घ्यावी आणि त्यात कमीपणा मानू नये. रवि वर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला आणि पुढे मळवलीला हलवलेला छापखाना मूळ तैलचित्रांच्या प्रतीच घरोघर पोचवत होता, तेव्हा ज्याला आपण अस्सल म्हणतो तीही एका अर्थी नक्कलच आहे. मात्र ‘त्या काळी छपाईच्या त्या दगडावरून उमटलेला कागद हवा’ असे वाक्य उतरले, तर कितीही तंतोतंत प्रत ती गरज भागवू शकत नाही. कारण इथे मागणी रूपाची नसून घडून गेलेल्या गोष्टीची आहे, आणि तिच्यासाठी पैसे मोजणे पूर्णपणे तर्कसंगत आहे.

दुसरे म्हणजे, फरक कळत नाही असे कोणी म्हटले तर तो कोणाला, कशाने आणि कुठवर कळत नाही, हे विचारावे. दहापट मोठे दाखवणारे भिंग कागदावर धरले, तर शिळाछापातले, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईतले, हाताने दिलेले ठिपके लहानमोठे, विस्कळीत दिसतात. ऑफसेट या आधुनिक यंत्रछपाईचे ठिपके जाळीसारखे एका शिस्तीत असतात. १९३७ मध्ये अब्राहम ब्रेडियस या नामवंत जाणकाराने सतराव्या शतकातला डच चित्रकार वर्मीर याची श्रेष्ठ कृती ठरवलेले चित्र रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयात गेले, आणि १९४५ मध्ये ते स्वतः रंगवल्याचे हान व्हान मेगरेन या डच चित्रकाराने कबूल केले. आज त्यातले चेहरे सतराव्या शतकातले वाटतच नाहीत. उद्या नजर तयार झाल्यावर जे दिसेल ते मूळ वस्तूतच सापडणार असल्यामुळे, आज फरक न दिसणे हे दोन्ही वस्तू सारख्याच मोलाच्या असल्याचा पुरावा ठरत नाही.

तिसरी कसोटी मनातल्या मनात लावायची आहे. रातोरात कोणी आपले अस्सल चित्र काढून तिथे हुबेहूब प्रत ठेवली आणि ते आपल्याला कधीच कळले नाही, तर काही गमावले का? ‘कळलेच नाही, तर गेले काय?’ हे उत्तर मला घाईचे वाटते, कारण त्या हिशेबाने न पकडलेली फसवणूक ही फसवणूकच ठरणार नाही.

बाजारभाव ही वेगळी बाब आहे. पावतीवर छपाईचा अंदाजे काळ लिहून घ्यावा, म्हणजे झाले. जुने चित्र घेतलेच, तर ते आम्लविरहित कागदात, उन्हापासून दूर ठेवावे आणि भिंतीवर प्रत लावावी.