विकायच्या घराचे फोटो: नागपुरात आधी कूलर बघा

मार्च ते जून हॉलची सगळ्यांत मोठी खिडकी कूलरने अडवलेली असते. उजेड त्याच्या ताट्यांतून गाळून येतो आणि भर दुपारी खोली अंधारी दिसते. मालकाला आदल्या दिवशीच फोन करा; पाण्याने भरलेला कूलर ऐनवेळी कोणी हलवत नाही. हलणारच नसेल तर त्याच्याकडे पाठ करून फ्रेम लावा.

नवखे हमखास चुकतात ते कॅमेऱ्याच्या उंचीत. उभ्याने, डोळ्याला लावून फोटो काढला की कॅमेरा नकळत खाली झुकतो आणि भिंती खाली निमुळत्या होत जातात. हॉल-बेडरूममध्ये लेन्स जमिनीपासून चार फुटांवर ठेवा, ट्रायपॉड लेव्हलमध्ये. स्वयंपाकघरात साडेचार ते पाच फूट, नाहीतर ओट्याचा ग्रॅनाइट नुसती एक काळी रेघ दिसतो.

फुल फ्रेम (मोठ्या, 35 मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 16 ते 24 मिलिमीटरची लेन्स पुरे. त्याहून वाइड गेलात, किंवा मोबाइलचा 0.5 (अल्ट्रा-वाइड) कॅमेरा वापरलात, तर कडेचा फ्रिज कपाटाएवढा रुंद होतो. शिवाय 10 बाय 12 ची बेडरूम दिवाणखान्यासारखी दाखवली की गिऱ्हाईक घर बघायला येतं खरं, पण दारातूनच चेहरा पाडून परत जातं.

एफ 8 (लेन्सचं छिद्र), आयएसओ 100 (सेन्सरची संवेदनशीलता), दोन सेकंदांचा टायमर. खिडकीबाहेरचं झाडही दिसायला हवं असेल तर दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकाने तीन फोटो घेऊन जोडा. पंखा बंद, मंद शटरला त्याची धुरकट चकती होते. दिवे लावून काढताना शटर 1/100 सेकंदापेक्षा वेगवान नको. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात आणि फोटोत आडवे पट्टे उमटतात. पांढरी ट्यूब आणि पिवळा बल्ब एकत्र लावू नका. एकच भिंत अर्धी निळसर, अर्धी पिवळी पडते आणि एडिटिंगमध्ये ती कधीच नीट सुधारत नाही.

मे महिन्यात आतलं काम सकाळी दहाच्या आत उरका. फरशीवर उन्हाचा पांढराफेक चौकोन पडायला लागला की तो कोपरा गेला. बंगल्याचा बाहेरचा फोटो सूर्यास्तानंतरच्या 15-20 मिनिटांत, घरातले दिवे लावून घ्या. नागपुरात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य साडेपाचलाच मावळतो, मेअखेर पावणेसातनंतर. मुंबईच्या वेळेवर विसंबलात तर हाती काळं आकाश येईल.

नेमप्लेट, कुटुंबाचे फोटो, फ्रिजवरची चिकटपत्रं, दोरीवरचे कपडे काढून घ्या. देवघर मात्र हलवायला सांगू नका, त्यावरून मालक रुसतात. ओल आलेली भिंत किंवा समोरून जाणारी हायटेन्शन लाइन एडिटिंगमध्ये पुसू नका. ती फसवणूकच आहे.

बाथरूमचा एकच फोटो पुरे. कमोडचं झाकण बंद, बादली-मग बाहेर, कॅमेरा दारातून तिरपा. समोरून काढलात तर आरशात ट्रायपॉडसकट तुम्हीच दिसाल.