बॉक्सरांची क्रमवारी सूत्राने लावताय? या चुका टाळा

कुंडलच्या मैदानात "ह्या गड्यानं यंदा वीस कुस्त्या मारल्या" असं कुणी म्हणालं, की शेजारी बसलेला जुना शौकीन लगेच विचारतो, "कुणाकुणाला पाडलं?" सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला हा प्रश्न शिकवावा लागत नाही. पण तोच माणूस लॅपटॉप घेऊन व्यावसायिक बॉक्सरांची क्रमवारी लावायला बसला, की सूत्राला नेमकं हेच विचारायचं राहून जातं. सांगलीच्या विश्रामबागेत मी संख्याशास्त्राच्या शिकवण्या घेते. प्रोजेक्टसाठी हा विषय घेणारी मुलं बरीच असतात आणि त्यांच्या अडचणीही बहुतेक ठरलेल्या असतात. यादी तयार होते, पहिल्या नंबरावर २४ पैकी २४ जिंकलेलं एखादं नाव येतं आणि मूल विचारतं, "मॅडम, हा कोण?"

आधी सूत्र पाहू. आर्पाद एलो या प्राध्यापकांनी बुद्धिबळासाठी बसवलेली पद्धत फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. बहुतेक जण तिच्यापासूनच सुरुवात करतात आणि ते योग्यच आहे. 'अ' आणि 'ब' हे दोन खेळाडू समजा, प्रत्येकाच्या नावावर त्याच्या ताकदीचे गुण असतात. 'ब'च्या गुणांतून 'अ'चे गुण वजा करा, त्याला ४०० ने भागा, जी संख्या येईल तितका १० चा घात घ्या, त्यात १ मिळवा आणि त्या बेरजेने १ ला भागा. ही झाली 'अ' जिंकण्याची अपेक्षा. लढत झाली की निकालातून (विजय १, बरोबरी अर्धा, पराभव ०) ही अपेक्षा वजा करायची, 'के' या आकड्याने (एका लढतीने गुण किती हलावेत हे तो ठरवतो) गुणायचं आणि जुन्या गुणांत मिळवायचं. दोघांत २०० गुणांचं अंतर असेल तर वरच्याची अपेक्षा ०.७६ येते. के ३२ धरला, तर तो जिंकल्यावर त्याला ८ च्या आत गुण मिळतात आणि हरला तर २४ जातात.

बुद्धिबळात हे छान चालतं, कारण तिथे खेळाडू वर्षाला कितीतरी डाव खेळतो आणि स्पर्धेत समोर कोण येणार ते त्याच्या हातात नसतं. मोठ्या पातळीवरचा बॉक्सर वर्षाला दोन-तीन लढती लढतो आणि समोर कोण उभा राहणार हे त्याचा प्रवर्तक पैसे मोजून ठरवतो. पुढच्या बऱ्याचशा चुका या एका फरकातून येतात.

सगळे प्रतिस्पर्धी १५०० चे धरणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे थोडं थांबू.

मुलं नामवंत बॉक्सरांच्या कारकिर्दी गोळा करतात. त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या कारकिर्दी गोळा करत नाहीत. मग ज्याची माहिती नाही तो प्रत्येक जण सुरुवातीचे १५०० गुण घेऊन रिंगणात येतो. नव्या बॉक्सरला पहिल्या २० लढतींत मुद्दाम कच्चे गडी दिले, तरी सूत्राला ते सगळे मध्यम दिसतात. के ३२ धरून हिशोब करा. २० सलग विजयांनंतर तो १७१५ च्या आसपास पोचतो. त्याच २० जणांचे खरे गुण १२०० असतील, तर तो १५८० च्या जवळपासच राहतो. विजय तेवढेच, पण सव्वाशेच्या वर गुण फुकटचे. अशी दहा-बारा माणसं यादीत आली, की खरोखर तगड्यांशी लढून एखाद-दोनदा हरलेले बॉक्सर खाली ढकलले जातात.

आपल्याकडचं उदाहरण विजेंदर सिंगचं. २०१५ मध्ये तो व्यावसायिक झाला आणि पहिल्या १२ लढती त्याने जिंकल्या. मार्च २०२१ मध्ये पणजीत रशियाच्या आर्तिश लोपसानने त्याला हरवलं. नुसत्या विजयांवर चालणारं सूत्र त्या लढतीत विजेंदरलाच वरचढ ठरवतं. आधीच्या बाराही जणांच्या कारकिर्दी घालून सूत्र चालवा आणि त्याची अपेक्षा किती उरते ते बघा. प्रोजेक्टमध्ये ही एक आकृती टाकली तरी परीक्षकाला मुद्दा कळतो.

उपाय तीन. प्रतिस्पर्ध्यांच्या आणि शक्य असेल तर त्यांच्याही प्रतिस्पर्ध्यांच्या लढती घ्या. दोन थर मिळाले तरी चित्र बरंच सुधारतं. पदार्पण करणाऱ्याला सरासरीपेक्षा कमी गुण द्या. ऑगस्ट २०१७ मध्ये फ्लॉइड मेवेदरने कॉनर मॅकग्रेगरला हरवून ५० पैकी ५० पूर्ण केले. मॅकग्रेगरची ती पहिलीच व्यावसायिक बॉक्सिंग लढत होती, त्याला १५०० देण्यात काय अर्थ आहे? तिसरा उपाय म्हणजे सूत्र एकदा शेवटपर्यंत चालवून मिळालेले गुण सुरुवातीचे म्हणून घ्यायचे आणि पुन्हा चालवायचं. जुन्या बॉक्सरांची यादी लावायला हा चालतो. भाकिताची चाचणी करताना मात्र नाही, कारण मग भविष्याची माहिती मागे शिरते.

सूत्राच्या आधी शीट तपासा

एका मुलीच्या शीटमध्ये बस्टर डग्लस या हेवीवेट बॉक्सरचे गुण विचित्र येत होते. टायसनला हरवल्यावर तो होलीफिल्डकडून हरला होता, तरी यादीत होलीफिल्डच्या डोक्यावर जाऊन बसला होता. सूत्र बरोबर होतं. गोंधळ तारखांचा होता. डग्लसने टोकियोत टायसनला हरवलं ११ फेब्रुवारी १९९० ला. अमेरिकी पद्धतीने ते ०२/११/१९९० असं लिहिलेलं होतं आणि आपल्या एक्सेलने ते २ नोव्हेंबर म्हणून वाचलं. डग्लस होलीफिल्डकडून हरला २५ ऑक्टोबर १९९० ला. ती तारीख १०/२५ अशी होती, पंचविसावा महिना नसतो, म्हणून एक्सेलने ती नुसता मजकूर म्हणून ठेवली आणि तिने हाताने दुरुस्त केली. परिणाम असा, की सूत्राच्या लेखी डग्लस आधी होलीफिल्डकडून हरला आणि मग टायसनवर जिंकला. क्रमाने चालणाऱ्या सूत्रात असा एक उलटा क्रम पुढच्या सगळ्यांचे गुण हलवतो. तारखा आणताना वर्ष-महिना-दिवस असाच क्रम ठेवा आणि १२ पर्यंतच्या सगळ्या दिवसांवर संशय घ्या.

दुसरं, प्रत्येक बॉक्सरच्या पानावरून लढती उचलल्या तर एकच लढत दोनदा येते, एकदा याच्या नावावर आणि एकदा त्याच्या. न कळत के दुप्पट होतो. तिसरं, नावं. एकाच बॉक्सरचं कुठे साउल आल्वारेझ, कुठे कानेलो, कुठे दोन आडनावं. नावावर जोडणी करू नका, प्रत्येकाला एक क्रमांक द्या.

आणि मॉडेलचं भाकीत ९५ टक्के बरोबर येऊ लागलं तर आनंद मानू नका, डावा रकाना बघा. बऱ्याच याद्यांत विजेत्याचं नाव आधी लिहिलेलं असतं. मॉडेल बॉक्सिंग शिकत नाही, "डावीकडचा जिंकतो" एवढंच शिकतं. रकाने यादृच्छिकपणे उलटसुलट करा आणि पुन्हा मोजा.

नोंदीच खोट्या असल्या तर? १९७७ मध्ये डॉन किंग या प्रवर्तकाने अमेरिकेत एक मोठी स्पर्धा भरवली होती. एबीसी वाहिनी ती दाखवत होती आणि बॉक्सर निवडले होते 'द रिंग' मासिकाच्या क्रमवारीवरून. काही बॉक्सरांच्या नावावर कधी झाल्याच नाहीत अशा लढती नोंदवल्याचं उघड झालं आणि स्पर्धा अर्ध्यात थांबवावी लागली. म्हणून लढत दोन्ही बॉक्सरांच्या नोंदीत, त्याच तारखेला, त्याच गावात आहे का हे जुळवून पाहणारी एक ओळ कोडमध्ये असायलाच हवी. तरीही बॉक्सिंगच्या नोंदी निदान उपलब्ध आहेत हे भाग्य समजा. आपल्या जिल्ह्यातल्या मैदानी कुस्त्यांचे निकाल वर्तमानपत्रांच्या कात्रणांत आणि वस्तादांच्या आठवणीत पडून आहेत. कुणी ते तारीख, गाव, दोन नावं, निकाल आणि लागलेला वेळ अशा रकान्यांत उतरवायला घेतले, तर मी स्वतः टायपिंगला बसेन.

गुण अनंताकडे पळतात

एलोऐवजी ब्रॅडली-टेरी पद्धत घेणाऱ्यांना ही अडचण येते. ही पद्धत सगळ्या लढती एकदम घेऊन प्रत्येकाची ताकद काढते. संगणक फिरत राहतो, उत्तर स्थिर होत नाही, आकडे वाढतच जातात. कारण साधं आहे. जो कधीच हरला नाही, त्याची ताकद कितीही मोठी धरली तरी आकडेवारी तक्रार करत नाही. रॉकी मार्सियानो ४९ पैकी ४९ जिंकून निवृत्त झाला. त्याच्या ताकदीला वरून अडवणारा एकही निकाल नाही. बॉक्सिंगमध्ये अपराजित लोक भरपूर, म्हणून ही अडचण हमखास येणारच.

प्रत्येकाला एका काल्पनिक सरासरी बॉक्सरशी एक बरोबरी देऊन टाका. आकडे लगेच ताळ्यावर येतात, आणि ३ लढतींचा अपराजित ४० लढतींच्या अपराजितापेक्षा आपोआप खाली जातो. आणखी एक तपासा: दोन देशांतले किंवा दोन काळांतले बॉक्सर मधल्या कुठल्याच लढतींनी जोडलेले नसतील, तर त्यांची तुलना करणारा आकडा हवेतला आहे. असे सुटे गट वेगळे छापा.

नॉकआउटला जास्त गुण

द्यावेसे वाटतातच, पण बेताने. जड वजनात नॉकआउट अधिक होतात, हलक्या वजनात लढती पूर्ण फेऱ्यांपर्यंत जातात. सरसकट जादा गुण दिले की हेवीवेट वर सरकतात. शिवाय कच्च्या गड्याला दुसऱ्या फेरीत झोपवण्यातून फारसं काही कळत नाही. द्यायचेच असतील तर त्या वजनगटाच्या सरासरीच्या तुलनेत द्या, आणि त्याने भाकीत खरंच सुधारतं का ते पाहूनच ठेवा. के बद्दलही तेच. बुद्धिबळातला १० किंवा २० चा के तसाच उचलला तर ३० लढतींची कारकीर्द संपेपर्यंत बॉक्सर आपल्या जागेवर पोचतच नाही. सुरुवातीच्या लढतींना मोठा, पुढे लहान असा ठेवा.

पंचांचा निकाल

मार्च १९९९ मध्ये लेनॉक्स लुइस आणि होलीफिल्डची लढत बरोबरीत सोडवली गेली. पाहणाऱ्यांना लुइस स्पष्ट पुढे दिसला होता, नोव्हेंबरात पुन्हा लढत होऊन तो जिंकलाही. २०१७ मध्ये कानेलो आणि गोलोव्हकिनची लढत बरोबरीत गेली, तेव्हा एका पंचाचं गुणपत्रक कानेलोच्या बाजूने ११८-११० होतं. अशा निकालांना पूर्ण १ किंवा ० देऊ नका. पंचांत फूट असेल तर विजेत्याला ०.७ च्या आसपास द्या, असं माझं मत आहे. अचूक आकडा चाचणीतून ठरवा. रद्द ठरलेली लढत मात्र बरोबरी म्हणून मोजू नका, काढून टाका. उत्तेजकांमुळे निकाल महिन्यांनंतरही बदलतात, तेव्हा जुना डेटा अधूनमधून ताजा करा.

सतरा वजनगट, एक यादी

१०५ पौंडांपासून २०० पौंडांच्या वरपर्यंत १७ गट आहेत. गट ओलांडणारे बॉक्सर हेच त्यांच्यातले पूल. सप्टेंबर २०२५ मध्ये टेरेन्स क्रॉफर्डने दोन गट वर जाऊन कानेलोला हरवलं. असे निकाल मोलाचे, पण मोजकेच. आधी गटवार याद्या लावा. सगळ्यांची एकत्र यादी छापायची हौस असेलच, तर तिच्यातली अनिश्चितताही छापा.

बसलेला बॉक्सर आणि गेलेला बॉक्सर

साध्या एलोत जो लढत नाही त्याचे गुण गोठतात. जॉर्ज फोरमन १९७७ मध्ये निवृत्त झाला, १९८७ मध्ये परतला आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी पुन्हा विश्वविजेता झाला. मधल्या १० वर्षांत त्याचे गुण जसेच्या तसे ठेवणं चूक, आणि शून्यावर आणणंही चूक. मार्क ग्लिकमन यांची ग्लिको पद्धत इथे उपयोगी पडते. ती गुणांसोबत अनिश्चिततेचा आकडा ठेवते. नव्याला १५०० गुण आणि ३५० अनिश्चितता. लढतीगणिक अनिश्चितता कमी होते, बसून राहिल्यावर वाढते. यादी लावताना गुणांतून अनिश्चिततेची दुप्पट वजा करून क्रम लावा. अनोळखी अपराजितांचा बंदोबस्तही त्यातच होतो.

आणि शेवटच्या लढतीची तारीख तपासा. डॅरिन मॉरिस हा बॉक्सर ऑक्टोबर २००० मध्ये वारला. त्यानंतरही डब्ल्यूबीओ या जागतिक बॉक्सिंग संघटनेच्या क्रमवारीत तो दोनदा वर चढला आणि चूक लक्षात आली ती २००१ मध्ये. तिथे समितीतली माणसं होती. तुमच्या सूत्राला तर कुणी सांगितल्याशिवाय काहीच कळणार नाही.

यादी "बरोबर दिसते" म्हणून सोडून देणं

ओळखीची नावं वर आली की मुलं थांबतात. नाही आली तर के बदलत बसतात, ती येईपर्यंत. ही तपासणी नव्हे. एखादं वर्ष ठरवा, त्याच्या आधीच्या लढतींवर सूत्र चालवा आणि नंतरच्या लढतींची भाकितं करा. ज्यांना ७५ टक्के दिले, त्यांतले साधारण पाऊण जिंकले का? भाकीत आणि निकाल यांतल्या फरकाच्या वर्गाची सरासरी काढा आणि "ज्याचे विजय जास्त तो जिंकेल" या साध्या नियमाशी तुलना करा. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये एकतर्फी लढती इतक्या, की सगळ्या मोजल्या तर कुठलंही सूत्र हुशार दिसतं. म्हणून दोघांच्याही किमान १० लढती झालेल्या आहेत अशाच लढती चाचणीला घ्या.

भाकीत चुकलं म्हणून लगेच सूत्रही मोडू नका. फ्रेझरने १९७१ मध्ये आणि नॉर्टनने १९७३ मध्ये मुहम्मद अलीला हरवलं होतं. फोरमनने त्या दोघांनाही दुसऱ्याच फेरीत गुंडाळलं, फ्रेझरला १९७३ मध्ये किंग्स्टनला आणि नॉर्टनला १९७४ मध्ये काराकासला. कुठलंही प्रामाणिक सूत्र यावरून फोरमनलाच वर ठेवेल. ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासात अलीने त्याला आठव्या फेरीत झोपवलं. एका माणसाला एकच आकडा देणाऱ्या पद्धतीत कुणाची शैली कुणाला जड जाते हे बसत नाही. या एका निकालासाठी शैलीचा वेगळा गुणक घालणारी मुलं मी पाहते. तो गुणक जुनी लढत समजावतो आणि पुढच्या दहा बिघडवतो. सूत्राने अलीला २५ टक्के दिले असतील, तर चारातून एकदा तो जिंकणारच होता. असे अनपेक्षित निकाल वेगळ्या रकान्यात लिहून ठेवा, आणि चाळीस-पन्नास जमले की त्यांत काही समान दिसतं का ते शोधा.