गरम झाला की बंद पडणारा जुना ट्रक : नव्याने शिकणाऱ्यांसाठी माझा अनुभव

मला काम शिकायला लागून दुसरं वर्ष होतं. एक जुना पेट्रोल ट्रक आमच्याकडे तिसऱ्यांदा आला. थ्रॉटल बॉडी इंजेक्शनवाला, म्हणजे कार्बुरेटरच्या जागी दोन इंजेक्टर बसवलेला. तक्रार तीच. वीसेक मिनिटं नीट चालतो, मग बंद पडतो, आणि अर्धा तास उभा केला की एका सेल्फात चालू. आधीच्या दोन खेपांत मी फ्युएल फिल्टर बदलला होता आणि टाकी उतरवून पंपही बदलला होता.

पंपावर माझा संशय सहज गेला नव्हता. ट्रक बंद पडल्यावर मी टाकीजवळ कान लावला, साथीदाराला सेल्फ मारायला सांगितला, आणि पंपाचा आवाजच आला नाही. यावरून पंप गेला असं मी ठरवलं, आणि चुकलो ते इथेच. बऱ्याच जुन्या इंजेक्शन गाड्यांत चावी ऑन केली की इसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, पंप साधारण दोन सेकंद चालवून बघतो. इंजिन फिरतंय असा सिग्नल आला नाही, तर पंप बंद करतो. अपघातात पाइप फुटला तर पेट्रोल वाहत राहू नये, म्हणून ही सोय. म्हणजे इग्निशनचा सिग्नल तुटला तरी पंप गप्प होतो. मी ऐकलेली शांतता खरी होती, फक्त तिचं मूळ टाकीत नव्हतं.

वस्तादांनी मला केबिनमध्ये बसवलं आणि म्हणाले, "आज पाना घ्यायचा नाही. बंद पडताना टॅकोमीटरचा काटा काय करतो तेवढंच बघ." (टॅकोमीटर म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारं मीटर.) मोकळ्या रस्त्यावर ते चालवत होते. मध्येच इंजिन गेलं. कसला झटका नाही, फुरफुर नाही, चावी काढावी तसं. गिअर टाकलेलाच होता, त्यामुळे चाकं इंजिनाला अजून फिरवत होती, पण काटा टपकन शून्यावर पडला. पेट्रोल कमी पडून इंजिन मेलं असतं तर काटा ट्रकच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला असता. फिरणाऱ्या इंजिनाचा काटा शून्यावर, याचा अर्थ इग्निशनकडे सिग्नलच पोचत नव्हता. (ही परीक्षा हाताने गिअर टाकायच्या गाडीत आणि इग्निशनवरून चालणाऱ्या टॅकोमीटरवरच होते. इंजिन गेलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकचा जोरही काही दाबांनंतर संपतो, म्हणून वाहत्या रस्त्यावर हे कधीही करू नका.)

बाजूला घेऊन लगेच स्पार्क टेस्टर लावला. करंट नाही. आता डिस्ट्रिब्युटरमधल्या पिकअप कॉइलवर आलो, म्हणजे इंजिन फिरतंय हा सिग्नल इग्निशनला देणाऱ्या बारीक तारेच्या गुंडाळीवर. थंड असताना मीटरवर ८०० ओहमच्या आसपास, म्हणजे त्या गाडीच्या पुस्तकात दिलेल्या हद्दीत. पहिल्या खेपेला मीही ती मोजली होती, पण रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर, आणि "ठीक" म्हणून सोडून दिली होती. वस्तादांनी मीटर लावून ठेवलं आणि केस वाळवायच्या यंत्राने कॉइल तापवायला सांगितलं. आकडा सावकाश चढत गेला, थोडा थरथरला आणि एकदम ओपन. आतली बारीक तार गरम झाली की प्रसरण पावून सुटत होती, गार झाली की परत चिकटत होती. ते आकडे नाचताना बघितले तेव्हाच मला कळलं की गार गाडीवर केलेली माझी सगळी तपासणी कशी वाया गेली. इग्निशन मोड्यूल आणि क्रँक सेन्सरही याच रीतीने दगा देतात.

म्हणून तुमच्याकडे अशी गाडी आली तर आधी मालकाला नीट विचारा : गार असताना बंद पडते की गरम? चालताना की सिग्नलला? एकदम की झटके खात? एका गाडीवर यातच माझं अर्धं निदान झालेलं आहे.

झटके खात, ओढ कमी होत बंद पडली तर पेट्रोलकडे वळा. प्रेशर गेज लावून गाडी चालवून बघा, नुसती उभी करून नाही. थ्रॉटल बॉडीच्या गाड्यांत प्रेशर साधारण १० ते १५ पीएसआय इतकंच असतं, प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्यांत ३५ ते ४५ च्या घरात. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकातूनच घ्या. गेज केबिनच्या बाहेर काचेवर चिकटवा, पेट्रोलची नळी आत कधीही आणू नका.

फक्त आयडलिंगला बंद पडत असेल तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन, आयडल एअर व्हॉल्व्ह, उघडा अडकलेला ईजीआर (जळलेला वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि व्हॅक्युमच्या तडकलेल्या नळ्या बघा. रबर जुनं असतं, वाकवलं की भेग दिसते.

अर्थिंग मात्र सर्व तक्रारींत तपासा. इंजिन चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिन ब्लॉकला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर त्या दोघांमधली अर्थची पट्टी सोडून घासा. जुन्या ट्रकमध्ये गंज पट्टीच्या बोल्टखाली असतो, वरून सगळं चकचकीत दिसतं.

अमेरिकेत १९९६ पासून गाड्यांना ओबीडी दोनचं, म्हणजे स्कॅनर लावून बिघाडाचे कोड वाचायचं, सॉकेट सक्तीचं झालं. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत दोन पिना जोडून चेक इंजिनच्या दिव्याची उघडझाप मोजावी लागते. कोड जरूर काढा, पण पिकअप कॉइलच्या त्या ट्रकमध्ये एकही कोड नव्हता.

कॉइल बदलून तो ट्रक आम्ही इंजिन पूर्ण तापेपर्यंत पाऊण तास चालवला. टाकीतून काढलेला जुना पंप फळीवर तसाच होता. बॅटरी जोडून बघितलं, व्यवस्थित चालत होता.