मोठ्या टेक कंपनीची ऑफर स्वीकारण्यापूर्वी

गूगल, अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट यांसारख्या कंपनीचे ऑफर लेटर आले की बहुतेक जण सीटीसीचा (कंपनीने तुमच्यासाठी धरलेल्या एकूण वार्षिक खर्चाचा) एकच आकडा पाहून होकार कळवतात. तसे करू नये. कागदावर चार वर्षांचे चार रकाने आखावेत आणि प्रत्येकात त्या वर्षीचा मूळ पगार, जॉइनिंग बोनस आणि व्हेस्ट होणारे, म्हणजे ठरलेल्या मुदतीनंतर प्रत्यक्ष तुमच्या मालकीचे होणारे, शेअर वेगवेगळे मांडावेत. अ‍ॅमेझॉनने अनेक वर्षे वापरलेल्या पद्धतीत पहिल्या वर्षी ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १५ टक्के आणि पुढच्या दोन वर्षांत प्रत्येकी ४० टक्के शेअर मिळत; त्यामुळे दीड वर्षात बाहेर पडणाऱ्याच्या पदरात शेअरचा फारच थोडा वाटा पडे.

शेअर व्हेस्ट होतात त्या दिवशीच्या भावाने ती रक्कम पगारात धरली जाते आणि तिच्यावर स्लॅबप्रमाणे आयकर लागतो. पुढे भाव कोसळला तरी तो कर परत मिळत नाही. फेसबुकची मालक कंपनी मेटा हिचा शेअर २०२२ मध्ये साठ टक्क्यांहून अधिक घसरला होता. म्हणून शेअरची किंमत निम्मी धरून हिशेब पुन्हा करावा आणि घरकर्जाचा हप्ता केवळ मूळ पगारावर बेतावा. परदेशी शेअर बाळगणाऱ्याला आयकर विवरणपत्रात शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तपशील) भरावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

माझ्या मते पैशांहून मोठा प्रश्न टीमचा आहे. होणाऱ्या मॅनेजरला स्पष्ट विचारावे: डिझाइनचे निर्णय हैदराबादेत होतात की अमेरिकेतल्या सिएटलमध्ये? ऑन-कॉलची (बिघाड झाल्यास कोणत्याही वेळी हजर राहण्याची) पाळी किती आठवड्यांनी येते? मागच्या वर्षी रुजू झालेल्या इंजिनिअरने पहिल्या सहा महिन्यांत प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या वापरकर्त्यांपर्यंत, काय नेले? उत्तरे मोघम आली, तर रिक्रूटरकडे दुसरी टीम मागण्यात संकोच करू नये. कोटीच्या संख्येतील वापरकर्त्यांचा भार पेलणारी प्रणाली आणि काटेकोर कोड रिव्ह्यू (सहकाऱ्यांनी केलेली कोडची तपासणी) या दोन गोष्टींसाठी कारकिर्दीच्या पहिल्या काही वर्षांत अशी नोकरी जरूर मिळवावी. परंतु पुण्यातल्या छोट्या कंपनीत ज्याच्या हाती आज अख्खे प्रॉडक्ट आहे, त्याने किरकोळ वाढीसाठी ते सोडू नये.

स्थैर्याची खात्री मात्र कोणीही धरू नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११,००० आणि जानेवारी २०२३ मध्ये गूगलने सुमारे १२,००० जणांना कमी करण्याची घोषणा केली. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यास नोकरी गेल्यावर दुसरी सोय लावायला सामान्यतः ६० दिवसच मिळतात, त्यामुळे तिकडे जाणाऱ्याने सहा महिन्यांचा खर्च आधीच बाजूला काढून ठेवावा.