नवा डिस्क ब्रेक लावताना या चुका टाळा: तारेला हात सगळ्यात शेवटी

बॉक्समधून आलेली सायकल घरी जोडली की पहिली तक्रार हमखास ब्रेकची असते. लिव्हर थेट हँडलला टेकतो, नाहीतर चाक फिरवलं की खस्स-खस्स आवाज येत राहतो. मग पाना निघतो आणि तार खेचून घट्ट केली जाते. चाकाच्या कडेवर दाबणाऱ्या व्ही-ब्रेकला हे चालायचं. तारेवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकचं काम मात्र याच घाईने बिघडतं.

या ब्रेकची रचना आधी डोळ्यांसमोर आणा. शिमानो कंपनीच्या टीएक्स८०५ सारख्या बहुतेक स्वस्त कॅलिपरमध्ये (म्हणजे डिस्क पकडणाऱ्या जबड्यात) दोन पॅड असतात, पण हलतो एकच, बाहेरचा. आतला, म्हणजे आऱ्यांच्या बाजूचा पॅड जागेवरच असतो. लिव्हर दाबला की बाहेरचा पॅड रोटरला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला, ढकलतो, रोटर किंचित वाकून आतल्या पॅडला टेकतो आणि मग दोन्ही बाजूंनी पकड बसते. म्हणून रोटर दोन पॅडच्या बरोबर मधोमध ठेवायचा नसतो. तो आतल्या पॅडला जवळजवळ खेटून हवा. मधोमध ठेवला की लिव्हरचा अर्धा प्रवास रोटर वाकवण्यातच जातो.

चाक आणि फोर्क आधी

बॉक्समध्ये मावावा म्हणून पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दोन पायांचा चिमटा) बऱ्याचदा मागे वळवलेला असतो. घरी हँडल बसवताना तो तसाच राहून जातो, आणि हे लक्षातही येत नाही. पुढचा कॅलिपर चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला आणि फोर्कच्या पायाच्या मागे दिसला पाहिजे. तो उजवीकडे दिसत असेल तर फोर्क उलटा आहे. आधी तो सरळ करा.

चाक बसवताना सायकल उलटी न ठेवता दोन्ही चाकांवर उभी करा आणि वजनाने धुरा खाचेत पूर्ण बसू द्या. मगच क्विक रिलीज (धुरा आवळणारा दांडा) बंद करा. तळहातावर ठसा उमटेल इतका जोर लागला पाहिजे. चाक तिरकं असताना कॅलिपर जुळवलात, तर पंक्चर काढल्यावर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. क्विक रिलीजचा दांडा डिस्कच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे उजवीकडे ठेवा. २०१५ मध्ये ट्रेक कंपनीने एकट्या अमेरिकेत सुमारे ९ लाख सायकली परत मागवल्या, त्या याच दांड्यामुळे. तो १८० अंशांपेक्षा जास्त उघडायचा आणि सैल राहिला तर पुढच्या डिस्कमध्ये अडकू शकायचा. तुमच्या सायकलचा दांडा डिस्कच्या बाजूला असेल, तर तो पूर्ण उघडून बघा. दांडा आणि डिस्क यांच्यात पेन्सिल मावत नसेल, तर ती क्विक रिलीज बदला.

रोटर

रोटरवर फिरण्याच्या दिशेचा बाण कोरलेला असतो. सायकल पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं, त्याच दिशेला तो हवा. सहा बोल्टच्या रोटरला टी२५ टॉर्क्स चावी लागते. ॲलन की ठोकून बसवली की बोल्टचं डोकं गेलंच. सहाही बोल्ट आधी हाताने बसवा, मग एक सोडून समोरचा अशा क्रमाने थोडे थोडे आवळा. शिमानोचा आकडा २ ते ४ न्यूटन-मीटर आहे. टॉर्क पाना नसेल तर चावीवर बोल्टपासून ७ सेंटिमीटर अंतरावर साधारण ४ किलोचा जोर द्या. एक बोल्ट एकदम पूर्ण आवळला तर रोटर त्या बाजूला ओढला जातो आणि नवा कोरा रोटर पहिल्याच दिवशी डोलायला लागतो.

रोटर कडेला धरा, पृष्ठभागाला बोटं लावू नका. बसवल्यावर स्वच्छ सुती फडकं आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन दोन्ही बाजू पुसा, फडक्यावर काळं येणं थांबेपर्यंत. रॉकेल नको, त्याचा तेलकट थर उरतो. हात धुवायचा सॅनिटायझर जेलही नको, त्यात ग्लिसरीन असतं.

कॅलिपर जुळवताना होणारी मोठी चूक

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची युक्ती सगळ्यांना माहीत असते: कॅलिपरचे दोन बोल्ट ढिले करा, लिव्हर दाबून धरा, बोल्ट आवळा. तारेच्या ब्रेकवर नेमकी तीच केली की लिव्हर सोडल्यावर आतला पॅड रोटरला चिकटून राहतो. त्याला मागे घ्यायचं तर तो आधीच शेवटपर्यंत मागे असतो! इथे माणूस वैतागतो आणि पुन्हा तारेकडे वळतो.

त्याऐवजी असं करा. तार सोडून द्या आणि कॅलिपरचा हात (तार जिला जोडतात ती दांडी) पूर्ण मागे येऊ द्या. आऱ्यांच्या बाजूला आतल्या पॅडची फिरकी असते. काही कॅलिपरला ती हाताने फिरते, काहींना ५ मिलिमीटरची ॲलन की लागते. फिरकी पूर्ण मागे घ्या आणि मग अर्धा फेरा आत आणा. हाच अर्धा फेरा नंतर कामाला येतो. कॅलिपरचे दोन्ही बोल्ट इतकेच ढिले करा की तो डावीकडे-उजवीकडे सरकेल, लोंबकळणार नाही. आता कॅलिपरचा हात बोटांनी दाबून रोटर दोन्ही पॅडमध्ये पकडा. दाब न सोडता दोन्ही बोल्ट आलटून पालटून पाव-पाव फेरा आवळत जा. एकच बोल्ट पूर्ण आवळला तर बोल्टसोबत कॅलिपरही फिरतो आणि पॅड तिरका लागतो. शेवटचा जोर ६ ते ८ न्यूटन-मीटर, म्हणजे ७ सेंटिमीटरवर साधारण १० किलो.

कॅलिपरचा हात सोडा आणि आतल्या पॅडची फिरकी एक-दोन टिचक्या मागे घ्या. कॅलिपरच्या मागे पांढरा कागद धरून फटीतून बघा: आतल्या पॅडपाशी जेमतेम उजेड दिसला पाहिजे, साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटर. एखादं साधं व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढीच ही फट असते.

आता तार

आउटर, म्हणजे तारेवरची जाड नळी, तिरकी किंवा चेपून कापलेली असेल तर लिव्हर कितीही जुळवा, मऊच लागणार, कारण जोर तारेत न जाता आउटर चेपण्यात जातो. तारेच्या कटरने काटकोनात कापा, आतली नळी अणकुचीदार तारेने मोकळी करा, टोकाला टोपी बसवा. लिव्हरवरचा बॅरल ॲडजस्टर (तारेचा ताण कमी-जास्त करणारा पोकळ स्क्रू) पूर्ण आत फिरवून एक फेरा बाहेर काढा. तार हाताने ताणा, पक्कडीने नको, आणि कॅलिपरचा हात पूर्ण मागे असतानाच ती आवळा. मग लिव्हर दहा-पंधरा वेळा जोरात दाबा. आउटर आणि टोप्या आपापल्या जागी बसतात आणि तार ढिली पडते. ती पुन्हा एकदा ओढून आवळा.

पॅड झिजले की लिव्हर खोल जातो, आणि इथे सर्वांत धोकादायक चूक होते. दर वेळी बॅरल ॲडजस्टरने तार ओढत राहिलं की कॅलिपरचा हात आधीच अर्धा पुढे येऊन बसतो. एक दिवस तो पुढच्या अडसराला टेकतो. तेव्हा लिव्हर दगडासारखा कडक लागतो, पण सायकल थांबत नाही. लिव्हर कडक म्हणजे ब्रेक चांगला, असं समजून घाट उतरणाऱ्यांना हे कळायला हवं. झीज भरून काढायची ती आतल्या पॅडची फिरकी आत घेऊन. बाहेरच्या पॅडलाही फिरकी असेल तर तीही वापरा. नसेल तर फिरकीने आतला पॅड जरा जास्त आत घ्या आणि कॅलिपर वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा जुळवा. बॅरल फक्त केसभर फरकासाठी आहे. पॅडवरचा घर्षणाचा थर ०.५ मिलिमीटर उरला की पॅड बदला. नव्या शिमानो रोटरची जाडी १.८ मिलिमीटर असते, १.५ झाली की रोटरही बदला.

आवाज कशाचा, ते ओळखा

सतत घासत असेल तर कॅलिपर सरकला आहे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच खस्स होत असेल तर रोटर वाकला आहे. ती जागा मार्करने खूण करा, रोटर गार असताना स्वच्छ पुसलेल्या ॲडजस्टेबल पान्यात धरून हळूच, एका वेळी अगदी थोडा, वाकवा. उभं राहून जोरात पेडल मारतानाच घासत असेल तर क्विक रिलीज किंवा हबचे कोन (चाकाच्या मधल्या भागातले बेअरिंग आवळणारे नट) तपासा, ब्रेकला हात लावू नका.

ब्रेक लावल्यावर किंचाळत असेल तर बहुतेक वेळा रोटरवर तेल गेलेलं असतं. घरात आवाज करणाऱ्या वस्तूला खोबरेल तेलाचा थेंब टाकायची सवय असते. इथे तो थेंब म्हणजे पॅडचा शेवट. चेनवर मारलेला स्प्रे आऱ्यांमधून पलीकडे उडतो, तेव्हा चेनला तेल ड्रॉपरनेच द्या आणि रोटरवर फडकं धरा. वॉशिंग सेंटरवाल्याला पॉलिशचा फवारा मारू नको, असं आधीच सांगा. रोटर अल्कोहोलने स्वच्छ होतो, पण रेझिन पॅड तेल शोषून घेतो. तो गॅसवर भाजून किंवा घासून काही दिवस चालतो आणि पुन्हा किंचाळतो. नवी जोडी घ्या. घेताना रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं आहे का ते वाचा. तसं असेल तर मेटल पॅड घालू नका, ते मऊ रोटर झपाट्याने खातात.

पहिल्याच दिवशी सिंहगड नको

नवा ब्रेक सुरुवातीला कमकुवतच लागतो, कारण पॅडच्या द्रव्याचा पातळ थर रोटरवर अजून बसलेला नसतो. हे ठाऊक नसल्याने लोक तार आणखी आवळतात. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरचा वेग घ्या, एकच ब्रेक सावकाश दाबत चालण्याच्या वेगापर्यंत या, सोडा, पुन्हा वेग घ्या. प्रत्येक ब्रेकसाठी असं वीस वेळा. चाक लॉक होऊ देऊ नका आणि ब्रेक दाबून धरून पूर्ण थांबू नका. गरम पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो आणि पुढे ब्रेक लावताना हँडल धकधक करतं. नंतर रोटरला हात लावू नका, तो चटका देण्याइतका तापलेला असतो.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर रोटरचे, कॅलिपरचे आणि तारेचे बोल्ट पुन्हा तपासा आणि कागद धरून फट बघा. पावसाळ्यात चिखलातून चालवत असाल तर हीच तपासणी दर आठवड्याला करा, कारण चिखलातली वाळू पॅड वेगाने संपवते.