बंदर धक्क्याचं की नांगराचं?
क्रूझ ठरवताना बंदरांची नुसती नावं बघू नका. जहाज धक्क्याला लागतं की समुद्रात नांगर टाकतं, हे आधी विचारा. बार्बाडोसच्या ब्रिजटाउनला जहाज थेट धक्क्याला लागतं. ग्रँड केमनच्या जॉर्ज टाउनला आणि बोरा बोराला मात्र छोट्या बोटीने किनारा गाठावा लागतो. बेलीझ सिटीजवळ तर पाणी इतकं उथळ, की जहाज काही मैल लांबच उभं राहतं. बोटीसाठी रांग, परतताना पुन्हा रांग, यात बराच वेळ जातो. समुद्र खवळला तर तो थांबाच रद्द होऊ शकतो. सोबत गुडघे दुखणारं कुणी असेल, तर धक्क्याची बंदरंच निवडा, हे मी आग्रहाने सांगेन. आणि हो, मनगटावरचं घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवा. मोबाइल किनाऱ्यावर आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो, ती जहाजाच्या वेळेपेक्षा वेगळी असू शकते आणि जहाज सुटतं ते स्वतःच्याच वेळेने.